वास कसला, ते सांग

आमच्या वर्कशॉपच्या जॉब कार्डावर सगळ्यात खाली एक ओळ असते : ‘स्मेल चेक – पाष्टे’. बाकीच्या ओळींपुढे ज्याने काम केलं त्याने पेनाने नाव लिहायचं. ही एकच ओळ नावासकट छापलेली. मी नोकरीला लागले तेव्हा ती आधीपासून होती.

वर्कशॉप आखातात, मुसफ्फा नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत आहे. ज्या गाड्यांमध्ये पलंग, ओटा आणि संडास-बाथरूम असतं, त्या मोटरहोम आमच्याकडे दुरुस्तीला येतात. थंडीत इथली माणसं त्या घेऊन वाळवंटात जातात आणि उन्हाळाभर त्या पत्र्याच्या शेडखाली तापत उभ्या राहतात. अशा गाडीच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, एक ओट्याच्या आणि आंघोळीच्या पाण्याची, दुसरी संडासाची. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एक व्हॉल्व. त्यात प्लॅस्टिकचं पातं असतं. दांडी ओढली की पातं सरकतं आणि टाकी रिकामी होते. सहा महिने न हललेलं पातं चिकटून बसतं, दोन्ही बाजूंची रबरं उन्हाने चिरतात, आणि थंडी सुरू झाली की मालक नाक धरून आमच्या दारात उभे.

हे व्हॉल्व बदलणं पाष्टेकाकांचं काम. दुसरं कोणी ते मागून घेत नसे.

काका रत्नागिरीकडचे. लहानखुरे, काटक, डोक्याला कायम ओला रुमाल. हातमोजा फक्त डाव्या हातात घालायचे. उजव्या हाताला रबर कळलं पाहिजे, म्हणायचे. रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे आणि व्हॉल्वला हात लावण्याआधी टाकीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे, कलिंगड घेताना करतात तशी. आवाजावरून आत किती आहे ते सांगायचे. मग टाकी तीनदा पाण्याने खळबळून काढायची, खाली घमेलं लावायचं, चार बोल्ट काढायचे आणि हेअर ड्रायरने पाइपाला शेक द्यायचा. हो, हेअर ड्रायरच, गुलाबी रंगाचा. जुनं प्लॅस्टिक थंड असताना ताणलं की तडकतं. “आधी शेकायचा, मग ओढायचा. जुना आहे, त्याच्या कलाने घ्यायचं.”

बाकीची पोरं त्यांची फिरकी घ्यायची. “पाष्टे भाई, आज क्या निकला?”

“तेरा कल का बिर्यानी.” काका मान वर न करता सांगायचे.

घरचे त्यांना काय विचारतात, असं कोणीतरी एकदा म्हणालं. “बायको व्हिडिओ कॉल करते ना, पयला प्रश्न, आंघोळ केलात काय. तिकडं तिला बसल्या जागी वास येतो.” आणि स्वतःच हसले.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचं नाक. गाडी यार्डात शिरली की ते दहा पावलांवरून सांगायचे, “मागचा व्हॉल्व. वरचं रबर.” आमचे फोरमन कुरियन, केरळचे, कोणावर सहज विश्वास ठेवणारे नाहीत. ते खाली वाकून बघायचे आणि वरचं रबरच चिरलेलं निघायचं. काम झाल्यावर काका गाडीच्या बाथरूममध्ये शिरायचे, दार लावून घ्यायचे आणि मिनिटभराने बाहेर येऊन म्हणायचे, “क्लिअर.” त्यांनी क्लिअर म्हटल्याशिवाय कुरियन गाडीची किल्ली मालकाला देत नसत. म्हणून ती छापील ओळ. वीस जणांच्या वर्कशॉपमध्ये छापील नाव असलेला हा एकच माणूस, आणि तो संडासाच्या टाक्यांचं काम करणारा. काकांना याचं काय वाटायचं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण कार्डावर सही करण्याआधी ते हात दोनदा साबणाने धुवायचे आणि पेन माझ्याकडूनच घ्यायचे.

मी काचेच्या केबिनमध्ये बसते. कार्डं तयार करते, गिऱ्हाइकांच्या ई-मेलना उत्तरं देते. जन्म इथलाच, शाळा इंग्रजी, घर जवळच मोहम्मद बिन झायद सिटीत. मराठी आईशी आणि डब्याशी. लिहिलेल्या शब्दांत मी बरी असते, समोरासमोर मी बहुतेक वेळा ‘हो’ म्हणते. हो म्हटलं की बोलणं लवकर संपतं.

माझं आणि काकांचं रोज एकच संभाषण व्हायचं. सकाळी ते कार्ड घ्यायला यायचे. माझा डबा टेबलाच्या कडेला, बंद. ते नाक जरासं वर करायचे.

“पडवळ. डाळ घालून.”

“हो.”

“आईला सांगा, हिंग जरा जास्त झाला.”

संध्याकाळी आईला सांगितलं की ती म्हणायची, “कोण हा माणूस? खरंच झाला होता.” कधीही चुकले नाहीत.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना ताप आला. दोन आठवडे कामगारांच्या कॅम्पवर, आपल्या खोलीत पडून होते. परत आले ते खूप वाळलेले. पहिल्या दिवशी कार्ड घेऊन मुकाट्याने गेले. दुसऱ्या दिवशीही. पुढच्या आठवड्यात एका सकाळी थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, “मेथी?”

डब्यात दुधी होता.

मी म्हणाले, “हो.”

आता त्याचं कारण सांगायला गेलं तर फार छोटं आहे. ते आजारातून उठलेले, वयाने मोठे, आणि नाही म्हटलं असतं तर मग काय आहे ते सांगावं लागलं असतं. दोन वाक्यं जास्त. ते हसले, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “वांगं.” होती फरसबी. मी म्हणाले, “हो.” असं बरेच दिवस चाललं. बटाटा एकदा बरोबर आला, पण बटाटा कोणाचाही येईल.

त्याच दिवसांत त्यांनी हळद आणली. व्हॉल्व बसवला की टाकीत पाण्यात कालवलेली हळद ओतायची आणि खाली पांढरा टिश्यू धरून अर्धा तास बसायचं. थेंब जरी झिरपला तरी टिश्यू पिवळा. पहिल्याच दिवशी ओट्याच्या टाकीतून लालभडक पाणी आलं आणि कुरियन दचकून मागे सरले. “पाष्टे, ये खून किसका?”

“साब, अंदर साबण बाकी था. हळदी साबण से लाल होता है. घर में कभी कपडा नहीं धोया?”

सगळे हसले. कुरियनही. ज्या माणसाचं नाक दहा पावलांवरून रबर सांगतं, त्याला टिश्यू धरून बसायची गरज का पडावी, हे कोणी विचारलं नाही. मला तो प्रश्न पडला होता. मीही विचारला नाही.

आणि मग बू राशिद यांची गाडी आली.

बू राशिद निवृत्त गृहस्थ, त्या पिढीतल्या इथल्या लोकांसारखं छान हिंदी बोलणारे. गाडी अमेरिकन, माझ्या वयाची, तपकिरी पट्ट्याची. ती विकून नवी घ्या, असं त्यांना सगळे सांगत. ते ऐकत नसत, कारण त्यांच्या बायकोला तीच हवी होती. तिचे गुडघे गेलेले, जवळ संडास असल्याशिवाय ती कुठे जाऊ शकत नसे, आणि दोन हिवाळे ती वाळवंटात गेली नव्हती, कारण गाडीत बसवत नव्हतं इतका वास. “ये गाडी नहीं है, सदीक,” ते काकांना म्हणाले. “इसके बिना वो घर में बंद है. जुमेरात को निकलना है.” सदीक म्हणजे दोस्त, जुमेरात म्हणजे गुरुवार.

“इन्शाल्ला,” काका म्हणाले. “हो जाएगा.”

दोन्ही व्हॉल्व बदलायचे होते. जुने इतके चिकटलेले की ड्रायरने शेकूनही पाइप मागे सरेना. काकांनी खांद्याने टाकी रेटून जागा केली आणि दीड दिवसात काम उरकलं. हळद ओतली. टिश्यू शेवटपर्यंत पांढरा. मग ते बाथरूममध्ये गेले, दार लावलं, बाहेर आले.

“क्लिअर.”

हात दोनदा धुतले, माझ्याकडून पेन घेतलं, सही केली.

बुधवारी दुपारी बू राशिद बायकोला घेऊन आले. वर्कशॉपमधल्या दोघांनी हात देऊन तिला पायऱ्या चढवल्या. मी केबिनमधून बघत होते. एक मिनिटही झालं नसेल. ती दारात परत आली, डोक्यावरच्या काळ्या ओढणीचं टोक नाकाशी धरून. नवऱ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि उतरायला हात पुढे केला.

कुरियन आत डोकावून लगेच बाहेर आले. “पाष्टे भाई, मेरे को बाहर खडे होके आ रहा है. तुमको नहीं आया?”

सगळं यार्ड थांबलेलं. काका गाडीच्या बाजूला उभे होते, रुमाल हातात घेऊन. मला वाटलं ते काहीतरी कारण सांगतील, सांगायला पुष्कळ होती. ते म्हणाले, “नाक गया, साब. बुखार में गया. मेरे को लगा वापस आ रहा है.”

कुरियन वाईट नाहीत. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्यांनी कार्ड मागवून घेतलं आणि शेवटच्या ओळीवर पेनाने रेघ मारली, नावावरून. “कल से वॉशिंग में. ये लाइन निकाल दो,” ते मला म्हणाले. बू राशिदना म्हणाले, उद्या सकाळपर्यंत दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतो. दुसरं कोणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर काका केबिनच्या दारात आले. आत आले नाहीत.

“मॅडम, आज डब्यात काय होतं?”

सकाळी ते ‘मेथी’ म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती.

“कोबी,” मी म्हणाले.

“काल?”

“भेंडी.”

“तो ताप येऊन गेला त्याच्यानंतर… पयल्यांदा मी मेथी म्हटलं तेव्हा?”

“दुधी.”

त्यांनी माझ्या डब्याकडे बघितलं. “मग हो कशाला म्हणायचीस गो बाय?”

पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. आवाज चढवला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मी रोज हितं बघायला यायचो,” ते म्हणाले. “कार्ड काय, कोणीबी आणून देतं. मला बघायचं होतं परत येतंय का. तू हो म्हटलंस, मी बायकोला फोन करून सांगितलं, येतंय थोडं थोडं. म्हणून परवा बाथरूममध्ये काय नाय आलं तर मला वाटलं, नाय म्हणजे नाय.”

मला सॉरी म्हणायचं होतं. त्या शब्दाने काही होणार नव्हतं आणि मराठीत दुसरा पटकन सुचेना. मी डबा ड्रॉवरमध्ये ठेवला, उठले आणि यार्डात गेले. ते मागून आले. दोन वर्षांत मी त्या गाड्यांपैकी एकीच्याही आत पाऊल ठेवलं नव्हतं.

बू राशिदच्या गाडीच्या पायरीवर मी थांबले. “काका, मी वास घेते. कुठून येतो ते सांगते.”

“जमेल?”

‘हो’ ओठांवर आलं होतं. “माहीत नाही,” मी म्हणाले.

बाथरूम इतकं लहान की मी आत आणि ते दारात. मी श्वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

“येतो?”

“येतो.”

“कसला?”

“घाण.”

“घाण ती असणारच गो, इथं काय अत्तर मिळणार? घाण म्हणून मला काय कळणार? आंबूस असेल तर ओट्याची टाकी, ताक नासल्यावानी. कुबट असेल तर कुठंतरी पाणी मुरलंय. उग्र असेल, डोळ्याला झोंबत असेल, तर संडासाची. करपट असेल तर रबर. वास कसला, ते सांग.”

मला वासासाठी इंग्रजीतले दोनच शब्द आठवत होते, चांगला आणि वाईट. मी परत श्वास घेतला. “झोंबतोय.”

“खाली बस. खाली जास्त का वर?”

मी गुडघ्यांवर बसले, मग उठून टाचा उंचावल्या. “वर.”

“कपाट उघड.”

आरशामागच्या कपाटात डोकं घातलं आणि एकदम भपकारा आला. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझा चेहरा बघितला. “हवेचा पाइप,” ते म्हणाले. संडासाच्या टाकीतली हवा छपरावरून बाहेर टाकणारा एक पाइप भिंतीच्या आतून जातो. काकांनी खांद्याने टाकी रेटली तेव्हा वर कुठेतरी त्याचा जुना सांधा सुटला होता. पाणी तिथवर चढत नाही, म्हणून हळदीला ते कळलं नव्हतं. व्हॉल्व दोन्ही चांगलेच होते.

त्यांनी फळी काढली, सांधा साफ केला, शेक दिला, गोंद लावून नवा तुकडा बसवला. गोंदाचा वास उडून जाईपर्यंत आम्ही बाहेर बादल्यांवर बसलो. मग मी आत गेले, दार लावलं. बाहेर आले तेव्हा ते उभेच होते, रुमाल पिळत.

“येतो?”

संध्याकाळ झाली होती. ते सकाळपासून उभे होते. अगदी थोडा येत होता, कपाटात डोकं घातलं तरच. कदाचित दुसऱ्या कोणाला आलाही नसता.

“थोडा येतोय.”

त्यांनी फळी परत काढली. सांध्याच्या मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नव्हता, तिथे गोंद लागला नव्हता. या वेळी त्यांनी चमचा वाकवून त्याने लावला. नंतर मी आत गेले आणि बराच वेळ थांबले.

“काही नाही,” मी सांगितलं.

“काय नाय म्हणजे?”

“रेक्झिनचा वास. आणि कपाटात जुन्या पावडरचा. बाकी काही नाही.”

तेव्हा ते बादलीवर बसले.

गुरुवारी सकाळी बू राशिदच्या बायकोने आत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर उभे, कुरियन घड्याळ बघत. तिने दार उघडलं आणि नवऱ्याला म्हणाली, “झैन.” म्हणजे छान. उतरली नाहीच. तिथेच खिडकीशी बसली आणि त्यांना हाताने खूण केली, चला.

गाडी गेल्यावर कुरियन माझ्याकडे आले. “वो लाइन निकाला?”

“नाही,” मी म्हणाले. मी कॉम्प्युटरवर ती काढलीच नव्हती.

“रहने दो. नाम भी रहने दो. हाथ उसका, नाक तुम्हारा. पर साइन दोनों का चाहिए मेरे को.” आणि जाता जाता, “वॉशिंग में वैसे भी ये किसी काम का नहीं.”

पुढचे आठ-नऊ महिने प्रत्येक गाडीच्या शेवटी पाच मिनिटं मी केबिनबाहेर असायचे. काकांनी मला वासांची नावं शिकवली, जसं कोणी पोरीला भाज्या ओळखायला शिकवतं. खवट, ओशट, मातकट, कुजकट. “उबट वेगळा, कुबट वेगळा, घोळ करू नको.” चुकले की मला परत आत पाठवायचे. आणि सकाळी कार्ड घ्यायला आले की आता ओळखायचे नाहीत, विचारायचे. मी डब्याचं झाकण उघडून सांगायचे, “मेथी. आज खरंच. लसूण थोडा करपलाय, वर ओलं खोबरं.” ते डोळे मिटून ऐकायचे. “लसूण करपला काय,” म्हणायचे, “करपू दे. आईला नको सांगू.”

त्यांचं नाक परत आलं नाही. डॉक्टरने सांगितलं, काहींचं येत नाही. नंतर गुडघेही कुरकुरायला लागले, गाडीखाली सरकता येईना, आणि काकांनी ठरवलं की आता खलास, घरी. बायको म्हणे आता आंघोळीचं विचारणार नव्हती, समोरच दिसणार होते.

जायच्या दिवशी सकाळी त्यांनी एक व्हॉल्व बसवायला घेतला होता. कुरियन म्हणाले राहू दे, पण ऐकलं नाहीत. अकराला बसवून झाला. मग त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि एअरपोर्टला नेणारी कंपनीची व्हॅन आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, “यल्ला, पाष्टे भाई, चलो, यल्ला.” काका व्हॅनच्या उघड्या दारात एक पाय ठेवून उभे होते आणि चढत नव्हते. मी अजून गाडीच्या बाथरूममध्ये होते.

मी पायरीवर आले. कॉम्प्रेसर चालू होता, काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी हाताने खूण केली, काही नाही. त्यांनी दुरून भुवया उंचावल्या आणि ओठ हलवले. आवाज आला नाही, पण शब्द मला कळला.

“खरं?”

मी परत आत गेले. दार लावलं. खाली बसून बघितलं, टाचा उंचावून बघितलं, कपाटात डोकं घालून बघितलं. मग बाहेर आले आणि त्या यार्डात, सगळ्यांच्या देखत, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, “खरंच काही नाही, काका.”

त्यांनी मान डोलावली, रुमाल खिशात ठेवला आणि व्हॅनमध्ये चढले.